लाल चिंधीच्या अलीकडे

सत्तावीस वर्षं मी बुलडाण्यात परिवीक्षा अधिकारी होते. नाव भारदस्त, काम साधं. अठरा वर्षांखालच्या कुणाविरुद्ध तक्रार झाली की त्याच्या घरी जायचं, आजूबाजूला चार माणसांना विचारायचं आणि बाल न्याय मंडळाला लिहून द्यायचं, की हे लेकरू असं असं आहे आणि त्याचं अमुक करावं. असे शेकड्यांनी अहवाल मी लिहिले. अक्षर मोत्यासारखं, भाषा ठाशीव, आणि स्वभाव असा, की एकदा मत झालं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी बदलायचं नाही. उंद्रीच्या अलफियावर लिहिलेला माझा पहिला अहवाल मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चुकला होता. नाव आणि वय तेवढं बरोबर होतं.

वय सतरा, अठराला पाच महिने कमी. बाप गुलाम रसूल, जातीचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरून देणारा, सायकलवर गावोगाव फिरणारा. आई सबीहा, शेतात रोजाने जाणारी. अलफियाला बुद्धी कमी. डॉक्टरांच्या कागदावर ‘सहा वर्षांच्या मुलाइतकी समज’ असं लिहिलेलं होतं. आकडे यायचे नाहीत, वार कळायचे नाहीत, बोलणं चार-पाच शब्दांचं. पण हातात घेतलेलं काम तिने अर्ध्यात सोडलं, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. काम संपलं की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि विचारायची, “आखीन?” म्हणजे, आणखी आहे का?

ही मायलेक कलाबाईच्या प्लॉटवर कामाला. कलाबाई म्हणजे उंद्रीतली एक खमकी विधवा. अर्ध्या एकरात ती एका कंपनीसाठी बीटी कपाशीचं बी तयार करायची. दुकानात पाकिटात मिळतं ते बी आपोआप होत नाही. संध्याकाळी बायका मादी झाडाच्या कळ्या नखाने सोलून ठेवतात, सकाळी नराच्या फुलाचा पराग त्यांना लावतात आणि देठाला पांढरा दोरा बांधतात. ज्या फुलाला दोरा नाही ते आपलं आपण फुललेलं, त्याचं बी कंपनीला चालत नाही. ते तोडून टाकायचं. हे बिनदोऱ्याचं फूल तोडायचं काम अलफियाचं. डोळे असे तेज, की एका ओळीत एक फूल सुटायचं नाही.

दोन हजार अठरा साल. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीने सगळ्या तालुक्याची कपाशी आतून पोखरून टाकली होती. कलाबाईच्या शेजारचे रंगराव, साठीचे, मिशीवाले, शब्दाचे कडक. त्यांनी त्या वर्षी उभ्या कपाशीत नांगर घातला होता. या वर्षी पुन्हा हिंमत करून त्यांनी कपाशीच लावली आणि ती फुलली, अशी फुलली की रंगराव रोज संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून नुसते बघत बसायचे. दोघांच्या शेतांमध्ये कंपनीच्या नियमाने मक्याचा एक दाट पट्टा सोडलेला होता. अलीकडे कलाबाईची कपाशी, मध्ये मका, पलीकडे रंगरावांची कपाशी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सगळं गाव घरी होतं. पण कळीला पोळा नाही की ईद नाही. कलाबाई, सबीहा आणि आणखी दोघी सकाळीच प्लॉटवर गेल्या. पराग लावायचं काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, मान वर करायला फुरसत नसते. अलफियाला मक्याकडच्या चार ओळी दिल्या होत्या. दर वेळी ती टोकाला जायची, तिथून वळायची आणि “आखीन?” विचारत परत यायची. त्या दिवशी ती परत आलीच नाही. बायकांना वाटलं, पोरगी आज निवांत करतेय.

पोरगी निवांत नव्हती. चार ओळी संपवून ती मक्यात शिरली, मका ओलांडला, आणि पुढे बघते तर काय, पुन्हा कपाशी! फुलांनी लदलेली, आणि एकाही फुलाला दोरा नाही. दुपारी रंगराव बैलांना वैरण घ्यायला आले तेव्हा एकोणीस ओळी साफ झालेल्या होत्या. धुऱ्यावर फुलांचे दोन ढीग होते, आजच्या पांढऱ्या फुलांचा वेगळा आणि कालच्या गुलाबी पडलेल्या फुलांचा वेगळा. अलफिया विसाव्या ओळीत होती. रंगरावांना बघून ती हसली आणि म्हणाली, “आखीन?”

त्या माणसाने आरडाओरडा केला, यात माझ्या मते त्याचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे. कलाबाईने भरपाई देऊ केली, ती त्यांनी झिडकारली. “मले पैसा नाई पाह्यजे. हे पोरगी गावात नको. आज फुलं तोडली, उद्या कोनाची झोपडी पेटवंल.” ठाणेदारांनी समजावून पाहिलं, पण रंगराव हटून बसले. शेतात घुसून नासधूस केल्याची तक्रार झाली आणि प्रकरण बुलडाण्याला मंडळापुढे आलं.

मंडळाची खोली काही कोर्टासारखी नसते. एक टेबल, तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीवर मॅजिस्ट्रेट साहेब. साहेब तरुण होते, माझ्या मुलाच्या वयाचे. पहिल्या तारखेला अलफियाला आत बोलावलं. ती उंबऱ्यापर्यंत नीट चालत आली आणि तिथे थांबली. आई म्हणाली चल, बाप म्हणाला चल. नाही. मी दंड धरून ओढलं. नाही. शेवटी तिने उंबऱ्याबाहेर बसकण मारली आणि जमिनीवरची काडी उचलून तिचे बारीक बारीक तुकडे करत बसली. तारीख उंबऱ्यावरच संपली.

डॉक्टरांचा कागद स्पष्ट होता. आपल्यावर काय आरोप आहे हे या मुलीला कळत नाही, त्यामुळे तिची चौकशी चालवता येणार नाही. मग प्रश्न एकच उरला, तिला ठेवायचं कुठे. आईबापाजवळ, की बसने सहा तासांवरच्या एका निवासी संस्थेत?

मी उंद्रीला जाऊन आले. गल्लीच्या तोंडाशी एक कडुलिंब होता, त्याला लाल फडकं बांधलेलं होतं. कुणाचा तरी नवस असेल म्हणून मी भक्तिभावाने हात जोडले. गुलाम रसूलला विचारलं, तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, मग पोरीकडे लक्ष कोण ठेवतं? तो हसून म्हणाला, “फिकर नका करू म्याडम, थे गल्लीच्या बाहीर जातच नाई.” मला त्या हसण्याचा राग आला. सबीहा मात्र रडली. “तिकडं संस्थेत तिले थांब म्हनून कोन सांगंल, म्याडम?” हे काय विचारणं झालं, असं माझ्या मनात आलं. मला साडेतीनची बस पकडायची होती. मी परत येऊन मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: मुलगी हट्टी, आज्ञा पाळत नाही, पालक बेफिकीर, देखरेख शून्य, संस्थेत दाखल करावे.

साहेबांनी अहवाल वाचला आणि विचारलं, “मॅडम, त्यांच्या घरी किती वेळ होतात?”

“पंचवीस मिनिटं,” मी खरं ते सांगितलं.

“तिची पुढची सगळी वर्षं ठरवायचीत. एक पूर्ण दिवस देता?”

माझा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! काल खुर्चीवर बसलेलं पोरगं मला काम शिकवतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसने मी फणफणतच उंद्रीला उतरले.

गुलाम रसूल ओट्यावर गादी भरत होता. अलफिया शेजारी बसून सरकी निवडून काढत होती आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. तिला सूर नव्हता, पण आनंद इतका होता की ऐकणाऱ्याला सुराची आठवण होऊ नये. कापूस तिच्या केसांत, भुवयांवर, ओठांवर. मला बघून ती हसली आणि माझ्या हातात मूठभर कापूस दिला. कालपरवा जिने तिचा दंड ओढला तीच ही बाई, हे तिच्या गावीही नव्हतं. मी कापूस हातात घेऊन बसले. आता दिवसभर बसायचंच होतं, म्हणून सहज विचारलं, “रसूलभाई, त्या लिंबाला कुणाचा नवस आहे?”

“नवस?” तो पोट धरून हसला. “म्याडम, थो तं माह्या पोरीचा कुलूप हाय!”

मग त्याने सांगितलं. अलफिया चार-पाच वर्षांची असताना बापाच्या सायकलीमागे निघायची, आणि सायकल दिसेनाशी झाली तरी चालतच राहायची. एकदा डोणगावच्या फाट्यावर सापडली. मारून पाहिलं, समजावून पाहिलं, दाराला कडी लावून पाहिली. कडी लावली की ती जेवायची नाही. मग गुलाम रसूलने गादीच्या खोळीचा लाल तुकडा लिंबाला बांधला. रोज तिला तिथवर घेऊन जायचं, फडकं दाखवायचं, “बस, यहाँतक” म्हणायचं आणि परत आणायचं. सहा महिने, रोज. धंदा बाजूला ठेवून. सातव्या महिन्यात ती आपली आपण लिंबाशी थांबली. “त्या दिवशी म्या गल्लीत साखर वाटली,” तो म्हणाला. तेव्हापासून लाल कपडा दिसला की तिथून पुढे अलफिया जात नाही. कामाला न्यायचं तर सबीहा ते फडकं सोडून लपवते आणि पोरगी पार झाली की पुन्हा बांधते. मग पाऊस असो, खाऊवाला असो, की गल्लीबाहेर वरात असो.

“मग त्या दिवशी काय झालं?” मी विचारलं.

“थेच तं समजत नाई. कलाबाईनं तिच्या धुऱ्यावरबी खुंटीले लाल चिंधी बांधली हाय.”

मी तशीच उठले आणि अलफियाला घेऊन प्लॉटवर गेले. कलाबाईने मला आधी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “या. मागच्या वक्ताले तुमाले मले भेटाले टाइम नव्हता म्हनं.” मी ऐकून घेतलं. तिने ओळींच्या टोकाची खुंटी दाखवली. नवीन चिंधी होती. “हे त्याच्या मंग बांधली. त्या रोजी पाह्यलं तं खुंटी मोकळी. वाऱ्यानं उडाली असंल, म्हनून म्या ठान्यात सांगतलं. हासले मले.” मी अलफियाचं काम बघत राहिले. ती ओळीने जायची, फूल बघायची, दोरा असला की सोडायची, नसला की खुडायची, खुंटीशी पोचायची, चिंधीला एकदा बोट लावायची आणि वळायची. मला इतक्या वर्षांत इतकी आज्ञाधारक मुलगी भेटली नव्हती, आणि मी तिला हट्टी म्हणून कागदावर चढवून बसले होते. लाज वाटली. खरोखरच वाटली.

संध्याकाळी आम्ही गाडीवाटेने गावाकडे निघालो. अलफिया पुढे, गुणगुणत. समोरून रंगरावांची बैलगाडी आली. गाडी दहा पावलांवर आली आणि अलफिया वाटेच्या मधोमध खिळल्यासारखी थांबली.

“काऊन वं?” रंगराव गाडीवरून ओरडले. “आता रस्ताबी अडवतं काय?”

सबीहा तिला बाजूला ओढायला धावली. कलाबाई मात्र हलली नाही. ती बैलाच्या गळ्याकडे बघत होती. पवळ्या बैलाची घुंगरांची घागरमाळ मध्ये तुटलेली होती आणि लाल कापडाच्या गाठीने जोडलेली होती.

“रंगरावभाऊ,” ती म्हणाली, “हे चिंधी कुठची?”

“चिंधी? पोळ्याच्या दिशी ऐन वक्ताले माळ तुटली. धुऱ्यावर एका खुंटीले हे बांधेल होती, तं...” एवढं बोलून रंगराव थांबले.

रंगराव खाली उतरले. गाठ सोडून त्यांनी चिंधी खिशात घातली. अलफिया लगेच चालायला लागली, पवळ्याच्या मानेवर हात फिरवला आणि पुढे निघाली. रंगरावांनी चिंधी काढून तिच्यासमोर धरली. अलफिया थांबली. खिशात घातली, चालली. काढली, थांबली. साठीचा मिशीवाला माणूस भर वाटेत लहान पोरासारखा चिंधी काढतोय आणि लपवतोय! अलफियाला वाटलं हा खेळच आहे, ती खदखदा हसायला लागली. तिच्यामागून कलाबाई हसली, सबीहा हसली, आणि मीही हसले. फक्त रंगराव हसले नाहीत. ते गाडीवर चढले आणि निघून गेले.

“मंडळापुढं सांगतील का हो हे?” मी विचारलं.

“थो?” कलाबाई म्हणाली. “त्याची मिशी आडवी येते.”

माझी धाकधूक खरी होती. मी अहवाल बदलणार होतेच, पण तक्रारदार अडून बसला, गावाला भीती आहे म्हणाला, तर मंडळाचा हात अवघडणार होता. एक बाई आपलंच लिहिलेलं खोडतेय, याला किती किंमत?

दुसऱ्या तारखेला सगळे आले. रंगरावही आले, इस्त्रीचं धोतर नेसून, आणि बाकाच्या टोकाला बसले. पुकारा झाला. अलफिया उंबऱ्यापर्यंत आली आणि पुन्हा थांबली. सबीहाने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, संपलं, आज ओढायचंसुद्धा नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. “साहेब, थे नाई येनार अंदर. तुमच्या टेबलावर लाल कपडा हाय ना.”

रंगराव उभे राहिले होते. सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. प्रकरणांचा गठ्ठा, लाल कापडात बांधलेला, दर तारखेला शिपाई आणून ठेवतो तसाच. इतकी वर्षं मी त्या गठ्ठ्यासमोर उभी राहिले आणि त्याचा रंग मला कधी दिसला नव्हता.

“काय संबंध?” साहेबांनी विचारलं.

रंगरावांनी सगळं सांगितलं. खुंटी, पोळा, घागरमाळ, वाट. मिशीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “पोरीनं कायदा मोडला नाई साहेब. कायदा म्या सोडून नेला होता, बैलाच्या गळ्यात. चोरी तं माहीच निघाली. तिले नका धाडू कुठी.”

साहेबांनी स्वतःच्या हाताने गठ्ठ्याची गाठ सोडली, लाल कापडाची घडी घातली आणि ती खणात टाकून खण बंद केला. अलफियाने उंबरा ओलांडला. सरळ टेबलापाशी आली. कापड निघाल्यामुळे फायली टेबलभर घसरल्या होत्या. तिला ते काही बघवेना. तिने एकेक फाईल उचलली, कडेला कड लावली, जाड खाली, बारीक वर, आणि दोन मिनिटांत असा सुबक ढीग केला की आमचा शिपाई खजील झाला. मग कमरेवर हात ठेवून तिने मॅजिस्ट्रेटना विचारलं, “आखीन?”

साहेबांनी भिंतीकडच्या कपाटांकडे पाहिलं. दोन्ही कपाटं तुंबलेल्या प्रकरणांनी भरलेली. “आहेत गं बाई,” ते म्हणाले, “पुष्कळ आहेत.” आणि इतक्या मोठ्याने हसले की व्हरांड्यातले लोक आत डोकावले. सबीहा हसतही होती आणि पदराने डोळेही पुसत होती. गुलाम रसूल प्रत्येकाला सलाम करत सुटला, शिपायालासुद्धा.

हुकूम झाला: चौकशी बंद, मुलगी आईबापाजवळ राहील, कामाच्या वेळी जबाबदारी कलाबाईची. मला दर महिन्याला भेट द्यायची. खाली साहेबांनी हाताने एक ओळ लिहिली होती, ‘लाल कापड जागेवर आहे याची अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष खात्री करावी.’ म्हणजे सरकारने मला चिंधी बघायला नेमलं. पुढचे काही महिने, ती अठराची होईपर्यंत, मी ती बघितली आणि प्रत्येक वेळी रुबाबात सही केली. नंतर सही लागत नव्हती, तरी मी जात राहिले.

पुढच्या वर्षीच्या श्रावणाची गोष्ट सांगते आणि थांबते. बोंडअळीच्या भीतीने कृषी खात्याने गावोगाव सांगितलं होतं, की कपाशीत पाकळ्या मिटून पिळल्यासारखं दिसणारं फूल असेल तर त्यात अळी असते, ते वेचून नष्ट करा. सांगणं सोपं. पानांच्या गर्दीत ते फूल दिसायला हवं ना! गावात भल्याभल्यांना ते दिसत नव्हतं. मी त्या दिवशी प्लॉटवर होते. अलफिया ओळ संपवून खुंटीशी आली, चिंधीला बोट लावलं आणि वळणार, तेवढ्यात मक्यातून रंगराव आले. हातात एक पिळलेलं फूल होतं. त्यांनी कलाबाईकडे पाहिलं. कलाबाईने मान हलवली.

“अलफिया माय,” ते म्हणाले, “माह्या वावरात असे फुलं हाय. मले डोयानं कमी दिसते. येतं का?”

अलफिया चिंधीकडे बघत होती. रंगराव खाली वाकले. चिंधीची गाठ पक्की बसली होती, त्यांच्या जाड बोटांना सुटेना. बराच वेळ लागला. ती सुटल्यावर त्यांनी चिंधी स्वतःच्या खांद्यावर नाही, खिशात नाही, तर नीट घडी करून कलाबाईच्या हातात दिली. मग मक्याचं पान बाजूला धरून ते उभे राहिले, आणि अलफिया त्यांच्या शेतात गेली.